मंगळवारची गैरहजेरी

(१९९८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलीभाषा तशीच ठेवली आहे. शेवटची भर छापताना घातली.)



संयोजकांनी मला फोन केला, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे आता गल्लोगल्ली झालेत, मी गाडीच्या अल्टरनेटरवर बोलते. पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "बरं, जेवणाच्या आधी ठेवू." म्हणजे भूक लागली की तुम्हीच मला खाली बसवाल, असा हिशेब असावा.

हा विषय घ्यायला कारण आहे. आपल्यातल्या बहुतेकांचे आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत, गावातच राहतात, आणि दारात एक जुनी गाडी असते. गाडीनं दगा दिला की गावातला जो भेटेल तो सांगतो, बॅटरी गेली. बॅटरी बदलली जाते. महिन्याभरात पुन्हा तेच. आणि मग हळूहळू दोष गाडीवरून माणसावर सरकतो. आमच्या घरी तसंच झालं, म्हणून सांगते.

आमची गाडी २००१ ची पांढरी मारुती आठशे. अण्णांनी नोकरीत असताना घेतली. तुमच्यातल्या काहींना त्यांनी चौथीपर्यंत शिकवलंय, त्यांना गाडीही माहीत असेल. गाडीनं वीस वर्षं काडीची तक्रार केली नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. वीस वर्षं रोज फिरणारी कोणतीही वस्तू झिजतेच.

गेल्या वर्षी आईचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कराडला. सकाळी सातची पहिली पाळी. पाटणहून कराड पस्तीसेक किलोमीटर, म्हणून पहाटे साडेपाचला निघायचं. परत यायला दुपारचे साडेबारा. डायलिसिस हे "आज नको, उद्या जाऊ" असं करता येत नाही. अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, आणि पाळी चुकली तर दुसरा रिकामा बेड मिळेलच असं नाही.

जूनमधल्या एका पहाटे सेल्फ मारला तर नुसतं टक्-टक्. बॅटरी चार वर्षांची होती, बदलली. तीन आठवड्यांनी नवी बॅटरीही उतरली. दुकानदारानं ती चार्ज करून तपासली, ती चांगली होती. मग त्यानं गाडी चालू असताना बॅटरीची एक तार काढून दाखवली. इंजिन बंद पडलं नाही. तो म्हणाला, "बघा काका, अल्टरनेटर ठणठणीत आहे. तुमच्याकडून रात्री लाईट चालू राहत असणार."

हे वाक्य लक्षात ठेवा. एकदा हे कोणी म्हटलं की ते घरभर पसरतं. शेजारी म्हणाले, गुरुजींचं वय झालं. भाऊ म्हणाला, गाडी विकून टाकू, ड्रायव्हर ठेवू. अण्णा स्वतः काही बोलले नाहीत, पण आईनं मला सांगितलं की ते रात्री दोन वाजता उठून टॉर्च घेऊन अंगणात जातात, गाडीचे दिवे बंद आहेत ना बघतात, दारं दाबून बघतात, आणि परत येऊन झोपतात. कधी कधी दोनदा. चाळीस वर्षं ज्यांनी हजेरीपटात एक खाडाखोड केली नाही, त्या माणसाला आपल्याच हातावर भरवसा राहिला नव्हता.

मध्ये एका पहाटे तर वडापची जीप पकडून दोघं कराडला गेले, आईला पुढच्या सीटवर बसवून. त्या शनिवारी मी पुण्याहून आले.

आता आपला व्यवसाय कामाला येतो तो असा. आमच्याकडे एखादा प्रोग्रॅम कधी चालतो आणि कधी चालत नाही, तेव्हा आम्ही आधी नोंदी मागतो. कधी पडला, त्याआधी काय झालं होतं. मला वाटलं होतं इथे नोंदी कुठल्या मिळायला? पण अण्णांनी वही काढली. पेट्रोल, किलोमीटर, हवा, सगळं. आणि एक रकाना, ज्यात रोज निघायच्या वेळी गाडी सुरू झाली की "हजर", नाही झाली की "गैरहजर". शुक्रवारच्या पुढे दोन ठिकाणी "कुरकुरत हजर" असंही लिहिलं होतं.

सगळ्या गैरहजेऱ्या मंगळवारच्या होत्या. एकही शुक्रवार नाही. शेजारच्या काकूंनी हे आधीच ओळखलं होतं आणि बंपरला लिंबू-मिरची बांधून झाली होती. मी वही आणखी मागे चाळली. ज्या रविवारी अण्णा गाडी घेऊन मल्हारपेठला कुणाकडे गेले होते, त्यानंतरचा मंगळवार मात्र "हजर" होता. म्हणजे वार महत्त्वाचा नव्हता. मंगळवारी दुपारी उभी केलेली गाडी शुक्रवारी पहाटे सुरू करायची, त्यात पासष्ट तास जातात. शुक्रवारी दुपारी उभी केलेली मंगळवारी पहाटे, त्यात एकोणनव्वद. उभ्या गाडीतून काहीतरी पाझरत होतं, आणि पासष्ट ते एकोणनव्वद तासांच्या मध्ये कुठेतरी बॅटरी संपत होती. दिवे चालू राहिले असते तर एका रात्रीतच संपली असती. दोन हेडलाईट नऊ-दहा अँपिअर खातात, आणि बॅटरी पस्तीस अँपिअर-अवरची. चार तासांचा खेळ. म्हणजे अण्णांनी दिवे विसरले नव्हते, हे गाडीला हात लावायच्या आधी वहीनंच सांगितलं.

आता थोडी शाळा घेते. बाई, चुकलं तर तिथूनच सांगा.

नववी-दहावीत बाईंनी प्रयोगशाळेत वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केलं होतं आणि गॅल्व्हनोमीटरचा काटा हलला होता. चुंबक थांबलं की काटा शून्यावर. फॅरडेनं १८३१ मध्ये जे दाखवलं ते एवढंच. आपण सहलीला पोफळीच्या भूमिगत वीजगृहात गेलो होतो, आठवतंय? डब्यातल्या दशम्या आठवत असतील. कोयनेची सगळी वीजगृहं मिळून १९६० मेगावॅटची आहेत, आणि तिथे जे यंत्र फिरतं ते आणि गाडीच्या बॉनेटखाली नारळाएवढं जे फिरतं ते, दोन्ही एकाच जातीची. आत फिरणारं विद्युतचुंबक, भोवती तांब्याची तीन वाइंडिंग. तिथे पाणी फिरवतं, इथे इंजिनाचा पट्टा फिरवतो. फरक असा की कोयनेला वेग एकसारखा ठेवावाच लागतो, कारण वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची हवी. गाडीचं इंजिन कधी सिग्नलला घुटमळतं, कधी घाटात ओरडतं, तेव्हा तिथे आवर्तनांचा नाद सोडून दिलाय. येणारी उलटसुलट वीज डायोडमधून काढून एकाच दिशेची करतात आणि बॅटरीला देतात. व्होल्टेज काबूत ठेवायला रेग्युलेटर असतो. तो आतल्या चुंबकाचा प्रवाह कमी-जास्त करतो. तो प्रवाह फिरत्या भागापर्यंत पोचवतात दोन छोटे कार्बन, तांब्याच्या कड्यांवर घासत घासत.

डायोड म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावायला सोपं आहे. विहिरीतल्या मोटरच्या पाईपला खाली फूट व्हॉल्व्ह असतो. पाणी वर येऊ देतो, परत जाऊ देत नाही. तो गळका झाला की मोटर चालू असताना पाणी येतं, कमी येतं पण येतं, आणि मोटर बंद केली की पाईपमधलं पाणी गुपचूप विहिरीत उतरतं. सकाळी पाईप रिकामा. अल्टरनेटरमधला एक डायोड गळका झाला की तसंच. गाडी चालू असताना थोडं चार्जिंग होतं, आणि गाडी उभी केली की बॅटरीतली वीज उलट अल्टरनेटरमध्येच झिरपते. जो भरतो, तोच रात्री पितो.

आणि बॅटरी? ती टाकी आहे. टाकी बदलल्यानं गळका व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही. नवी टाकी भरलेली येते, म्हणून तीन आठवडे बरे जातात, एवढंच.

डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यावर मात्र विसंबू नका. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. आमच्याकडे तो शेवटपर्यंत शहाण्यासारखा विझत होता. अल्टरनेटर काहीतरी वीज करतोय एवढं त्याला पुरतं, पुरेशी करतोय का हे तो विचारत नाही. उलट एक गोष्ट ध्यानात ठेवा. किल्ली फिरवल्यावर तो दिवा लागलाच नाही, तर तोही बिघाडच आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो.

रविवारी सकाळी मी मुलाच्या प्रकल्पासाठी घेतलेला साधा मल्टिमीटर लावला. मापं सांगते, कारण ती घरी कोणालाही घेता येतात. गाडी रात्रभर उभी असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. आम्हाला १२.३ मिळाले, आदल्या दिवशी चार्ज करून आणलेली असताना. गाडी सुरू केल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवेत. आमच्याकडे १३.४. इथवर कुणीही "चालतंय की" म्हणालं असतं. मग हेडलाईट, वायपर, पंखा सगळं लावलं, म्हणजे अण्णांची पावसाळ्यातली पहाट तयार केली, आणि काटा १२.५ वर येऊन आणखी खाली सरकू लागला. कराडच्या वाटेवर टाकी भरत नव्हती, ओतली जात होती.

मग मीटर एसीवर टाकून बॅटरीवर धरला. डायोड नीट असतील तर तिथे जवळजवळ काहीच दिसत नाही. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की डायोडवर संशय घ्यायचा. आमच्याकडे ०.९.

आणि शेवटी गाडी बंद करून, किल्ली काढून, बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत मीटर अँपिअरवर लावला. हे करताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. ०.३५ अँपिअर. पस्तीसची बॅटरी, पाव नाही की अर्धा नाही, बरोबर शंभर तासांत रिकामी. पूर्ण भरलेली कधी नसतेच, म्हणून एकोणनव्वद तास. अल्टरनेटरच्या मागची जाड तार सोडवून, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा मापलं, तर प्रवाह शून्याला टेकला. चोर सापडला.

अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी आकडा बघितला, वही उघडली, आणि त्या दिवसाच्या पुढे लिहिलं : "०.३५". बाकी काही नाही. आत जाऊन आईला म्हणाले, "चहा टाक, मी घेतो आज दोन कप."

आता आपल्या एका मित्राबद्दल. तो इथे बसलाय. नाव घ्यायचं नाही या अटीवर त्यानं बोलायला परवानगी दिलीय, तेव्हा तुम्ही मागे वळून बघू नका. 'क' तुकडी, शेवटून दुसरा बाक. दहावीनंतर आयटीआय केलं, आता चिपळूण रस्त्याला त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पाटीवर "डायनामो, सेल्फ, वायरिंग". डायनामो हा शब्द जुन्या फियाट-अ‍ॅम्बॅसेडरच्या काळातला. त्यांत खरंच डायनामो असायचे, आणि इंजिन मंद झालं की दिवेही मंद व्हायचे. ते गेले, शब्द राहिला.

मी त्याला फोन केला आणि सगळे आकडे सांगितले. तो म्हणाला, "आकडे असू दे, येतो मी." आला, बॉनेट उघडलं, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि किल्ली बंद असताना अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ धरला. मला म्हणाला, "तू धर." लोखंडाला पुसट ओढ लागत होती. किल्ली बंद म्हणजे आतलं चुंबक मेलेलं असायला हवं. ते जिवंत होतं, म्हणजे त्याला कुठून तरी वीज मिळत होती. माझं अर्ध्या दिवसाचं मोजमाप त्यानं अर्ध्या मिनिटात स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं केलं. तो म्हणाला, "डायोड पार गेला असता तर पहाटे हात लावल्यावर कोमटसुद्धा लागला असता. तुमचा अजून सभ्य आहे."

दुकानदारानं तार काढून केलेली चाचणी मी त्याला सांगितली तेव्हा मात्र तो तापला. चालू गाडीत बॅटरीची तार काढायची नाही म्हणजे नाही. बॅटरी ही धक्के गिळणारी गादीही असते. ती एकदम बाजूला केली की व्होल्टेज उसळी मारतं आणि त्यात डायोड, रेग्युलेटर, आणि हल्लीच्या गाड्यांत कॉम्प्युटरही जातो. आमचा डायोड त्यामुळे जास्त बिघडला का, हे सिद्ध करता येणार नाही. पण मला त्या चाचणीचं वेगळंच वाईट वाटलं. अल्टरनेटर अर्धमेला असला तरी इंजिनापुरती वीज देतोच. म्हणजे अर्धवट आजारी अल्टरनेटर त्या परीक्षेत नेहमीच पास. आणि त्या पासाच्या जोरावर अण्णा नापास ठरले होते.

त्यानं अल्टरनेटर काढून दुकानात नेला आणि माझ्यासमोर उघडला. कार्बन झिजून हरभऱ्याएवढे. ते ज्या कड्यांवर घासतात तिथे खाचा. बेअरिंग हातानं फिरवलं तर खर्र आवाज. आणि डायोडच्या प्लेटवर एक डायोड दोन्ही बाजूंनी वाट देणारा. मी विचारलं, भरता येईल? तो म्हणाला, "सगळं भरता येतं. एकच भाग गेला असता तर मी नवा घेऊ दिला नसता. नुसते कार्बन असते तर तासाभराचं काम. पण चार भाग गेल्यावर मी भरून देईन, ते चालेल, आणि सहा महिन्यांनी पाचवा जाईल. काकूंना मंगळवारी पोचायचंय ना? नवा घाल." लक्षात घ्या, भरण्याच्या कामात त्याची मजुरी जास्त होती.

नवा सोमवारी कराडहून आणला. बसवताना मी हाताखाली होते, तेव्हा हे जरा सावकाश सांगते. जुनी गाडी असणाऱ्यांनी निदान शेजारी उभं राहून बघावं.

पहिलं काम, बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. अल्टरनेटरच्या मागची जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते, किल्ली बंद असली तरी जिवंत. पाना तिला लागून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि अंगठी घातली असेल तर बोट भाजतं. त्यानं मला बांगड्या काढायला लावल्या. मग तारांचा फोटो. मग वरचा ताणपट्टीचा बोल्ट आणि खालचा बिजागरीसारखा बोल्ट ढिला करून अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला, पट्टा सैल होऊन निघाला. वीस वर्षांच्या बोल्टला आदल्या रात्री गंजावरचं तेल सोडून ठेवलं होतं, नाहीतर तिथेच दुपार गेली असती. जुना आणि नवा शेजारी ठेवून कप्पी, बोल्टची भोकं, मागचा सॉकेट, तिन्ही जुळवून बघितलं. खोक्यावरच्या नावावर त्याचा विश्वास नाही.

पट्टाही नवा घातला. जुन्याला आतून भेगा होत्या. या गाडीत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणजे तो तुटला तर नुसतं चार्जिंग जात नाही, इंजिनही तापतं. ताण किती? मधोमध अंगठ्यानं दाबलं की साधारण एक सेंटिमीटर खाली जावा. सैल राहिला तर घसरतो आणि पावसात किंचाळतो, जास्त ताणला तर नव्या बेअरिंगची वाट लावतो. आठवड्यानं पुन्हा बघायचा, कारण नवा पट्टा थोडा लांबतो.

मग त्यानं जे केलं ते मला सुचलं नसतं. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाळीदार पट्टी त्यानं खरवडली. हिरवी पडली होती. दिवे लावून मापलं तर त्या पट्टीवरच अर्धा व्होल्ट हरवत होता. नवी पट्टी करून लावली. "अल्टरनेटर नवा आणि वाट जुनी, मग पुन्हा मला शिव्या," एवढंच बोलला.

सुरू केल्यावर १४.३. सगळे दिवे, वायपर, पंखा लावून १३.८. एसीवर जवळजवळ काही नाही. गाडी बंद करून गळती मापली, मीटरनं दखल घ्यावी इतकीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. पाऊस होता. मी मुद्दाम मागे बसले आणि काही बोलले नाही. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. आई म्हणाली, "ते लिंबू काढा आता, वास मारतंय." अण्णांनी वहीत काय लिहिलं ते मी बघितलं नाही, ते गेटजवळ गाडी थांबवून लिहीत होते.

भाऊ अजून म्हणतो, गाडी विका. त्याचं सगळंच चूक नाही. अण्णा चौऱ्याहत्तरचे आहेत आणि गाडीची नोंदणी २०२६ पर्यंत आहे. कधीतरी त्यांनी चालवणं थांबवायचं आहेच. पण ते त्यांचे डोळे तपासून, पाय ब्रेकवर किती चटकन जातो ते बघून, त्यांच्याशी बोलून ठरवायचं. एका डायोडच्या साक्षीवरून नाही. मी त्याला तसं सांगितलं. डोळे तपासून घेतले, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, त्याचं ऑपरेशन झालं. त्या दीड महिन्यात आपल्या याच मित्राचा मुलगा पहाटे गाडी चालवत होता. आता अण्णा पुन्हा चालवतात, पण पावसाळ्यात आणि अंधारात नाही. तेव्हा हा मुलगाच येतो. हे त्यांनी स्वतः ठरवलं.

जुना अल्टरनेटर मित्रानं सवडीनं भरला, कार्बन, बेअरिंग, डायोडची प्लेट घालून. तो आमच्या कपाटात आईच्या पितळी डब्यांशेजारी आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून. अण्णांच्या वहीत एक रकाना वाढलाय. दर सोमवारी संध्याकाळी ते मीटर लावतात आणि मला फोनवर आकडा सांगतात. आधी आईचं वजन किती वाढलं ते सांगतात, मग व्होल्टेज.

जेवणाची वेळ झाली हे मला समोरच्या चेहऱ्यांवरून दिसतंय. एक सूचना करते आणि बसते. जेवणानंतर आपला 'क' तुकडीवाला मित्र मीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वडाखाली उभा राहणार आहे. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्या त्यानं तिकडे लावायला सांगितल्यात. किल्ली बरोबर आणा आणि बांगड्या काढून या.

छापताना घातलेली भर : त्या दुपारी अकरा गाड्या तपासल्या. सहांना काहीच झालं नव्हतं. तिघांच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी साठली होती, ती गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं तिथेच धुतली. एकाचा पट्टा इतका सैल होता की हातानं फिरत होता. अकरावी गाडी आपल्या गणिताच्या सरांची. सेल्फ घेत नाही म्हणून ते दोन महिने एसटीनं फिरत होते, आणि मेळाव्यालाही ती गाडी धक्का मारून, मुलाला बरोबर घेऊन आणली होती. चार्जिंग उत्तम होतं, गळती नव्हती. बॅटरी खरोखरच गेली होती. मित्रानं सरांना तसं सांगितलं, आणि सर म्हणाले, "बघ, मी म्हणतच होतो."